कमरेतली माया

मला नावाऐवजी आकड्याने हाक मारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तुरुंगात जायची पाळी अजून आलेली नाही, त्यामुळे हा मान भाईंदर पश्चिमेच्या एका शिंप्याकडे जातो.

रविवारची सकाळ होती. बाजार भरात होता. मी एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात दुधी धरून बायकोच्या मागे उभा होतो आणि बायको मेथीच्या जुडीवरून भाजीवाल्याशी हिंदीत वाद घालत होती. इतक्यात रस्त्याच्या पलीकडून खणखणीत आवाज आला, "काय अडतीस, आज जोडीने?"

बायकोने आधी माझ्याकडे पाहिलं, मग आवाजाच्या दिशेने पाहिलं. भाजीवाल्याला वाटलं, कोणीतरी मेथीचा भाव पाडतंय. तो मान हलवत म्हणाला, "अडतीस में नहीं होगा भाभी, चालीस लगेगा."

"होईल, होईल," पलीकडून मास्तर म्हणाले. "चाळीसही होईल. दिवाळी तर जाऊ दे."

अडतीस हा माझ्या कमरेचा घेर होता, इंचात. शिंप्याला आमच्याकडे सगळे मास्तरच म्हणतात, पण या मास्तरांना आपल्या गिऱ्हाइकांची नावं पाठ करायची गरज कधी वाटली नाही. बँकेतले कॅशियर म्हणजे छत्तीस. औषधांच्या दुकानाचे गुजराती मालक म्हणजे बेचाळीस. शाळेतले पीटीचे सर म्हणजे एकेचाळीस, आणि हा आकडा उच्चारताना मास्तर नेहमी एक क्षण थांबायचे. मी या गावात आलो तेव्हा नुकतं लग्न झालेलं होतं आणि मी तीस होतो. पुढे बत्तीस झालो, चौतीस झालो. सरकारी नोकरीत इतकी बिनबोभाट बढती कोणाला मिळाली नसेल.

या माणसाने आमच्या निम्म्या वस्तीच्या कमरा काबूत ठेवल्या. त्याच्या स्वतःच्या छातीत काय चाललंय हे पाहायचं मात्र सगळ्यांकडून राहून गेलं, आणि एका बुधवारी मास्तर जगतात की जातात हा प्रश्न आमच्यापुढे येऊन उभा राहिला. पण त्या बुधवारापर्यंत पोचायला मला जरा वेळ लागेल. मास्तरांच्या दुकानात वेळेवर कधी काही मिळालंच नाही, मग त्यांची गोष्ट तरी वेळेवर कशी मिळावी?

दुकान म्हणजे खाडीकडे जाणाऱ्या गल्लीतला एक गाळा. एक मशीन, कापायचं एक लांब टेबल, एक आरसा आणि भिंतीला लागून मापाच्या वह्यांची चळत. गिऱ्हाइकाला बसायला खुर्ची नव्हती. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "गिऱ्हाईक बसलं की वाढतं. मग मलाच उसवावं लागतं." स्वतः मात्र सकाळी नऊला जे मशीनवर बसायचे ते रात्री आठलाच उठायचे. ही विसंगती त्यांच्या लक्षात आली नाही आणि आमच्यात ती दाखवून द्यायची छाती नव्हती.

माप घेण्याची त्यांची एक पद्धत होती. माणूस आरशासमोर उभा राहिला की आपोआप पोट आत घेतो. मास्तर घाई करायचे नाहीत. टेप कमरेभोवती सैल धरून ते प्रेमाने विचारायचे, "मिसेस बऱ्या आहेत ना?" श्वास रोखून या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. तुम्ही "हो" म्हणायला तोंड उघडलं की पोट जागेवर यायचं आणि टेप आवळली जायची. मग ते आकडा मोठ्याने म्हणायचे, गल्लीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. भाईंदरमधल्या कित्येक बायकांची प्रकृती मास्तर वर्षानुवर्षं विचारत आले, ती फक्त या कारणासाठी.

पण टेप हे त्यांचं दुय्यम हत्यार. दुरुस्तीला टाकलेली जुनी पँट हातात आली की ते ती हुंगल्यासारखी न्याहाळायचे. खिसा उलटा करून कागदावर झटकला की शिवणीतून तंबाखूचा चुरा पडायचा. "डावा खिसा," ते म्हणायचे, "घरी माहीत नाही." पँटचा बसायचा भाग आरशासारखा चकचकीत झाला असेल, तर दिवसभर खुर्चीवर. मोहरी, म्हणजे पायाशी दुमडलेली कड, वर्षभर वापरूनही नव्यासारखी कोरी असेल, तर हा माणूस चालतच नाही, दारापासून दारापर्यंत रिक्षाने जातो. शर्टाच्या खिशाखाली तेलाचा गोल डाग म्हणजे वडापाव, आणि डाग नेहमी डाव्या बाजूला पडतो. "जिथे मारायचं तिथेच नेम धरतो," मास्तर म्हणायचे. माझ्या शर्टावरच्या पिवळट डागाकडे पाहून त्यांनी मला विचारलं होतं, "रविवारी फाफडा-जिलेबी कुठून आणता? आमच्या गल्लीतल्याचा डाग इतका पसरत नाही."

वह्यांचा त्यांना अभिमान होता. मुर्धे गावातलं एक जुनं घराणं तीन पिढ्या त्यांच्याकडून कपडे शिवून घेत होतं. आधी मिठागर आणि भातशेती, आता जमिनी गेल्या आणि त्यांच्या जागी लिफ्टची घरं आली. त्या घरातला सध्याचा मालक माझ्याच वयाचा, दिलदार, घाटदार मिशीचा, आणि त्याची गाडी इतकी मोठी की गल्लीत वळायला तिला तीन प्रयत्न लागायचे. मुर्ध्याहून नाक्यावर पान खायलाही तो गाडीतून यायचा. मास्तर त्या गाडीला व्हीलचेअर म्हणत.

एकदा मी दुकानात असताना मास्तरांनी तीन वह्या काढून त्याच्यापुढे टेबलावर मांडल्या. एका वहीत आजोबा, एकीत बाप, एकीत तो. "वाच," म्हणाले. आजोबा अठ्ठावीस. बाप तीस. तो चव्वेचाळीस.

"तुझा आजोबा दिवसभर मिठागरात अनवाणी मीठ ओढायचा," मास्तर म्हणाले. "ताटात भाताचा डोंगर घ्यायचा. तूही तेवढाच घेतोस. भात तोच आहे, बसणं नवीन आहे."

तो मिशीला पीळ देत शांतपणे म्हणाला, "मास्तर, तुला काय कराचा हाय? पोट माझा हाय, कापड पन माझा हाय."

"शिवण माझी आहे," मास्तर म्हणाले, आणि वह्या मिटल्या.

आता त्या शिवणीबद्दल सांगतो, कारण सगळी भानगड तिच्यातच होती. शिंप्यांच्या भाषेत शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात त्याला माया म्हणतात. पँट शिवताना कमरेत दोन-दोन बोटं माया सोडली, की पुढे माणूस सुटला तरी शिवण उसवून पँट मोठी करता येते. भला शिंपी माया सोडतोच. कंजूष शिंपी कापड वाचवायला सोडत नाही. आमचे मास्तर उरलेल्या कापडाची चिंधीसुद्धा घडी करून परत द्यायचे, इतके सचोटीचे; पण कमरेत माया सोडायला त्यांचा साफ नकार. लोक विनवायचे, चिडायचे, म्हणायचे, मास्तर, थोडी माया ठेवा हो. मास्तर म्हणायचे, "माया ठेवली म्हणूनच तर माणसं जातात."

हे वाक्य मी बरीच वर्षं विनोद म्हणून लोकांना ऐकवलं. मग एका दुपारी वीज गेली होती, मशीन बंद होतं आणि मास्तर कोळशाच्या जुन्या इस्त्रीने एक कॉलर बसवत होते. तेव्हा, मी काही विचारलेलं नसताना, त्यांनी सांगितलं. गिरगावातून त्यांच्याबरोबर एक मित्र इकडे राहायला आला होता. कचेरीत कारकून. हसरा माणूस, चहाबरोबर सिगारेट, सिगारेटबरोबर भजी. मास्तर त्याच्या पँटींना भरपूर माया सोडायचे, दोस्ताचं काम म्हणून. चौतिसाची छत्तीस केली. छत्तिसाची अडतीस केली. दरवेळी तो दारातून पँट भिरकावून म्हणायचा, जरा ढील द्या मास्तर. मास्तर द्यायचे. सेहेचाळिसाव्या वर्षी तो कचेरीच्या जिन्यात बसला तो उठलाच नाही.

"त्याच्या अंगावर माझीच पँट होती," मास्तर म्हणाले. "घरच्यांनी कपडे बदलले तेव्हा मी ती हातात घेतली. आतून पाहिली. माया संपली होती. काठापर्यंत सगळं मी सोडून दिलं होतं." त्यांनी इस्त्री उभी केली. "एकदा जरी म्हणालो असतो ना, की कापड नाही."

त्यानंतर वीज आली आणि त्यांनी माझ्याकडे न पाहता मशीन सुरू केलं.

माझा भाचा लग्नाला उभा राहिला तेव्हा मी सुटाचं कापड घेऊन गेलो. मिसेस बऱ्या आहेत असं मी सांगितलं आणि चाळीस असा पुकारा झाला. पण वहीत मास्तरांनी अडतीस लिहिलं. मी म्हटलं, मास्तर, चूक झाली. ते म्हणाले, "चूक कमरेत आहे, वहीत नाही."

त्याच महिन्यात ऑफिसात तपासणी झाली होती. प्रेशर वाढलेलं, साखर उंबरठ्यावर, आणि वडील याच दुखण्याने लवकर गेलेले. डॉक्टरांनी कागदावर खाली दोन रेघा मारल्या होत्या. मी तो कागद ड्रॉवरमध्ये ठेवून दिला होता. कागदाची हीच सोय असते. पँट ड्रॉवरमध्ये ठेवता येत नाही, ती लग्नात घालावी लागते.

आणि मग जे घडलं ते या देशात पूर्वी कधी घडलं नसेल. शिंप्याने कपडे तीन महिने आधी दिले. मी हबकलो. घरी जाऊन पँट चढवली, तर हूक आणि त्याची कडी एकमेकांकडे नुसती बघत राहिली. मी गुपचूप मिरा रोडला दुसऱ्या टेलरकडे गेलो. त्याने पँट उलटी करून शिवण पाहिली आणि हसायलाच लागला. "अंदर कपडा छोडाही नहीं, साहब. किसने सिया?" मी नाव सांगितलं. त्याने पँट घडी करून अदबीने परत दिली.

तरीही मी हार मानली नाही. मॉलमध्ये जाऊन कमरेला इलॅस्टिक असलेली एक पँट घेतली, लग्नात लांब झब्ब्याखाली खपून गेली असती. ती घालून मी मास्तरांची नजर टाळून, गल्लीच्या पलीकडच्या कडेने, छत्री उघडून चाललो होतो. पाऊस नव्हता. "आत या," असा आवाज आला. मी गेलो. मास्तरांनी एका बोटाने कमरेचं इलॅस्टिक ओढलं आणि सोडलं. फट्ट.

"हे कापड खोटं बोलतं," ते म्हणाले. "तुम्ही कितीही व्हा, हे म्हणतं, छान दिसताय."

मी चालायला लागलो. आधी खाडीपर्यंत, मग खाडीवरून परत, मग दोन फेऱ्या. रविवारचा फाफडा गेला, मग दुपारचा दुसरा भात गेला, पानात वरून घ्यायचं मीठ गेलं, लोणच्याची बरणी बायकोने माळ्यावर टाकली. वाटेत मास्तर दुकानातून विचारायचे, "हूक काय म्हणतो?" मी सांगायचो, अजून एक बोट. लग्नाच्या दिवशी हूक लागला. जेवलो असतो तर सुटला असता, म्हणून मी पंगतीत आग्रह करत फिरलो, आणि नवरीकडच्या मंडळींमध्ये मामा फार अगत्यशील म्हणून माझं नाव झालं. ऑफिसच्या पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी प्रेशर दोनदा मोजलं. विचारलं, कोणाची ट्रीटमेंट घेतली? मी म्हटलं, शिंप्याची. ते हसले. त्यांना वाटलं, मी चेष्टा करतोय.

असा हा धन्वंतरी. आता त्याची स्वतःची कुंडली पाहा. दिवसभर मशीनवर बूड. तासातासाला कटिंग चहा, आणि टपरीवाल्याला कायमची सूचना की साखर जास्त. दुपारच्या डब्यात भात, सुकट आणि हाताच्या तळव्याएवढं लोणचं, वर मिठाची चिमूट. तळहातावर मळलेली तंबाखू गालात, सकाळपासून. गिऱ्हाइकांवर ओरडून कपाळाची शीर टरारलेली. आणि या सगळ्यावर एकच उत्तर: अठ्ठावीस. मास्तरांची कंबर लग्नात अठ्ठावीस होती आणि साठी ओलांडल्यावरही अठ्ठावीसच होती. दर वर्षी आपल्या वाढदिवसाला ते स्वतःचं माप घेऊन वहीत लिहायचे आणि आम्हाला दाखवायचे.

त्यांची पत्नी, आमच्या वहिनी, दुकानामागच्या खोलीत काजं-बटणं करायच्या. एकदा मास्तर बाहेर गेलेले असताना त्या मला म्हणाल्या, "तुम्ही सगळे त्यांचं ऐकता. त्यांनी कोणाचं कधी ऐकलंय? माझे वडील यांच्यापेक्षा बारीक होते हो. तंबाखूने गेले. हे सांगितलं की टेप काढून दाखवतात."

मी मास्तरांना सांगून पाहिलं की एकदा प्रेशर तरी बघा. त्यांनी माझ्याकडे करुणेने पाहिलं. "सदतीस," ते म्हणाले, तेव्हा मी सदतिसावर होतो, "तुम्ही तुमचं बघा."

आता तो बुधवार.

सकाळचे दहा वाजले होते. मी रजेवर होतो, शर्टाचं माप द्यायला गेलो होतो. मुर्ध्याचा मालक ट्रायलला आला होता आणि त्याची गाडी गल्ली अडवून उभी होती. मास्तर टेबलावर कापड पसरून खडूने आखत होते. मधेच त्यांनी डावा हात झटकला, खांदा चोळला. म्हणाले, रात्रीपासून हात भरून आलाय, कापड ओढून ओढून दुसरं काय होणार. कपाळावर घाम होता. पंखा चालू होता, आणि ते दिवस जानेवारीचे होते.

मी म्हटलं, मास्तर, जरा डॉक्टरकडे जाऊन येऊ. त्यांनी ऐकलंच नाही. वहिनी आतून आल्या, त्यांचा चेहरा पाहून थबकल्या आणि म्हणाल्या, चला. त्यावर मास्तर ओरडले. काम पडलंय. लग्नसराई आहे. आणि मग, दम खात, टेबलाला धरून, मला म्हणाले, "अठ्ठावीसला काही होत नाही."

वाद घालून हा माणूस हलणार नव्हता, आणि वेळ नव्हता. मी काय बोलावं म्हणून टेबलाकडे पाहिलं, आणि मला ती दिसली.

"मास्तर," मी म्हटलं, "रेघ बघा."

त्यांनी खाली पाहिलं. मास्तर पट्टीशिवाय रेघ मारायचे, हातभर लांब, दोऱ्यासारखी सरळ. नवे शिंपी ती बघायला यायचे. कापडावरची ती पांढरी रेघ मध्यापर्यंत सरळ आली होती आणि तिथून पुढे खाली घसरत, थरथरत, कापडाच्या काठाबाहेर टेबलावर गेली होती. ती तशी गेलेली त्यांना कळलंही नव्हतं.

चाळीस वर्षांत मास्तरांनी कोणाचं ऐकलं नव्हतं, पण आपल्या हाताचं ऐकावं लागलं. त्यांनी खडू खाली ठेवला. कात्री खिळ्याला अडकवली. आणि बारीक आवाजात म्हणाले, "चला."

पाऊल उचललं आणि गुडघ्यात वाकले. मुर्ध्याच्या मालकाने त्यांना जमिनीला लागूच दिलं नाही. "गप ऱ्हा मास्तर, बोलू नको," असं म्हणत त्याने त्यांना उचललं, लहान पोराला उचलावं तसं, आणि गाडीत ठेवलं. त्या दिवशी ती गाडी गल्लीतून एका प्रयत्नात बाहेर पडली. मागच्या सीटवर वहिनींच्या मांडीवर डोकं ठेवलेले मास्तर एकदाच बोलले. गाडी चालवणाऱ्याच्या मानेकडे बघत म्हणाले, "कॉलर घट्ट होतेय तुला." मग डोळे मिटले. मला वाटलं, संपलं.

संपलं नव्हतं. हॉस्पिटलात डॉक्टर एक तरुण मुलगी होती, चटपटीत. छातीला वायरी लावल्या, पट्टी निघाली, तिने ती पाहिली आणि धावपळ सुरू झाली. हार्ट अटॅक होता, पण वेळेत आणला होता. तिने विचारलं, तंबाखू? मास्तर पडल्यापडल्या म्हणाले, थोडी. मी खुर्चीवर काढून ठेवलेला त्यांचा शर्ट घेतला, खिसा उलटा केला आणि तिच्या टेबलावर झटकला. छोटीशी टेकडी झाली. मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांचं पेटंट चोरलं.

"पण माझी कंबर..." ते म्हणाले.

"काका," ती म्हणाली, "कंबर बारीक म्हणून हृदयाला कोणी सूट देत नाही. तंबाखू, मीठ, दिवसभर बसणं, वाढलेलं प्रेशर, हे टेपवर दिसत नाही. सही कुठे करायची ते सिस्टर सांगतील."

दुपारी हृदयाच्या नळीत जाळी बसवली. संध्याकाळी आम्हाला एकेकाला आत सोडलं. डॉक्टर नळी कशी अरुंद झाली होती आणि जाळी कशी घातली हे समजावून सांगत होती. मास्तरांनी लक्ष देऊन ऐकलं. कारागिराने कारागिराचं ऐकावं तसं. जाळीची जाडी विचारली, लांबी विचारली, मापाचीच घातलीत ना, असं विचारलं. ती हो म्हणाली. मग गंभीरपणे त्यांनी विचारलं, "माया सोडलीत का?"

ती बिचारी विरघळली. त्यांचा हात थोपटत म्हणाली, "काका, आम्ही सगळ्यांचं मायेनेच करतो."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. त्या रडतायत असं वाटून नर्सने पाणी आणलं.

महिनाभर दुकान बंद राहिलं. त्या महिन्यात मास्तरांच्या घरी आकड्यांची रीघ लागली. बेचाळीस, म्हणजे औषधांच्या दुकानाचे मालक, गोळ्या घेऊन आले आणि त्या कधी घ्यायच्या ते डब्यांवर लिहून गेले. एकेचाळीस, म्हणजे पीटीच्या सरांनी, हातापायांचे व्यायाम करून दाखवले आणि स्वतःच धापा टाकत पलंगावर बसले. सगळ्यांनी मनसोक्त उपदेश केला, वीस वर्षांचं एकदम. मास्तर भिंतीकडे तोंड करून पडून राहत.

तंबाखू सुटणं सोपं नव्हतं. गाल रिकामा झाला तरी हाताची सवय जाईना. बोलता बोलता डाव्या तळहातावर उजवा अंगठा फिरत राहायचा, रिकामाच. दोनदा त्यांनी चोरून आणली आणि दोन्ही वेळा वहिनींना सापडली. वहिनींनी आवाज चढवला नाही. दुसऱ्या वेळी पुडी त्यांच्या हातावर ठेवून एवढंच म्हणाल्या, "घ्यायची तर माझ्यासमोर घ्या. मला आधी कळू दे, मी कधी एकटी होणार ते." मास्तरांनी ती खिडकीतून टाकली. हे त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना टेबलावरचं कापड उगाच सरळ करत राहिले.

आता दुकान अर्धा दिवस असतं. वहिनींनी मशीनच्या बॉबिन सगळ्या मागच्या खोलीतल्या फळीवर नेऊन ठेवल्या आहेत. दोरा संपला की उठावं लागतं. मास्तर दर वेळी कुरकुरतात आणि दर वेळी उठतात. चहा बिनसाखरेचा येतो, त्याला ते काढा म्हणतात.

आणि चालणं. डॉक्टरने आधी सपाट रस्त्यावर चालायला सांगितलं, तीन महिन्यांनी पुन्हा तपासून थोडा चढ चालेल म्हणाली. सोबत म्हणून मी. पहिल्या दिवशी कळलं, या माणसाला चालता येतच नाही. गिऱ्हाइकाच्या पँटची लांबी बघत बघत चालायचे, खांबावर आपटायचे. आता रविवारी आम्ही बसने समुद्राकडच्या डोंगरी गावाला उतरतो आणि तिथून तारोडीच्या बाजूला चालत जातो. समुद्राचा वारा असतो, सुकत घातलेल्या मासळीचा वास असतो, आणि मास्तर सुकटीच्या वासाकडे जुन्या प्रेयसीच्या घराकडे बघावं तसे बघत पुढे जातात.

परवाच्या रविवारी चढावर मी मागे राहिलो. चपलेचा अंगठा निघाला होता. तो ठीक करून मान वर केली तर मास्तर चढाच्या माथ्यावर, रस्त्याकडेच्या क्रुसाजवळ, उजवा हात छातीवर दाबून उभे. मान खाली. हलत नव्हते.

मी चप्पल तिथेच सोडून धावलो. आयुष्यात इतका धावलो नसेन. वर पोचलो तेव्हा मला बोलता येईना.

"काय... मास्तर... दुखतंय?"

त्यांनी दुसऱ्या हाताने गप्प राहायची खूण केली. मग डोळे उघडले. चेहरा स्वच्छ होता, श्वास बरा होता.

"नाही," ते म्हणाले. "ऐकत होतो. चढ चढल्यावर कसं ठोकतं बघा. चाळीस वर्षं मशीनच्या आवाजात कधी ऐकूच आलं नाही." आणि माझा हात धरून त्यांनी माझ्याच छातीवर ठेवला. "तुमचं तर नुसतं पळतंय. काय झालं एवढं?"

आम्ही दोघे तसेच उभे राहिलो, क्रुसासमोर, आपापल्या छातीवर हात ठेवून, मी एका पायाने अनवाणी.

खालून मासळीची पाटी घेऊन एक म्हातारी कोळीण चढून आली. आम्हाला पाहून थांबली. पाटी एका हाताने सावरली, दुसऱ्या हाताने कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना बोटं लावली, आमच्याबरोबर क्षणभर डोळे मिटले आणि पुढे निघून गेली.

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चप्पल आणा तुमची. अजून वीस मिनिटं चालायचंय."